सिरोंच्याच्या उन्हात पायमोजा : एक संवाद

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता नदी गोदावरीला मिळते त्या संगमाजवळ सिरोंचा हे तालुक्याचे गाव आहे, आणि तेथे ज्याला उष्ण हवामान म्हणतात ते एक नसून दोन आहेत. मार्चपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतची उष्णता कोरडी असते. नवतपाच्या म्हणजे मे महिन्याच्या २५ तारखेपासूनच्या नऊ दिवसांत या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि अशा दुपारी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढी वाफ सामावून घेऊ शकते तिच्या तुलनेत तिच्यात प्रत्यक्ष असलेली वाफ, २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंतची उष्णता पाऱ्यावर सौम्य दिसते, परंतु हवा वाफेने जवळजवळ भरलेली असल्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही. माठातले पाणी मे महिन्यात गार होते आणि श्रावणात कोमट राहते, तेच पावलाच्या बाबतीतही घडते. उन्हाळी दिवसांसाठी सुखकर पायमोजा कोणता, या प्रश्नाला सिरोंच्यात एकच उत्तर देणारा माणूस वर्षातील एका ऋतूत तरी चुकतो, आणि त्या चुकीची किंमत पायाच्या कातडीला मोजावी लागते.

या प्रश्नाच्या दोन टोकांच्या भूमिका पुढील संवादात मांडल्या आहेत. एक भूमिका निवृत्त वनपालाची आहे. बीटवर पायी फिरण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाला उष्ण प्रदेशात मोजा ही अनावश्यक, किंबहुना अपायकारक वस्तू वाटते, आणि घालावाच लागला तर तो पातळ सुतीच असावा असे त्याचे मत आहे. दुसरी भूमिका आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेची आहे, जिच्यासमोर रोज पायाच्या तक्रारी येतात आणि जिच्या मते पाय झाकण्यात कसूर झाल्याने होणारे नुकसान झाकण्याने होणाऱ्या त्रासाहून कितीतरी मोठे आहे. या दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या तालुक्याच्या रोजच्या जगण्यातले आहेत.

वनपाल : सिस्टर, ज्या मुलखात दुपारी डांबर मऊ पडते तिथे पायावर आणखी एक कापड चढवणे हा पायावर अन्याय आहे. तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघणारी माणसे चपलेवर जातात, मोहफूल वेचणाऱ्या बाया चपलेवर किंवा अनवाणी असतात, मिरचीच्या तोड्यासाठी नदीपलीकडे तेलंगणात जाणारे मजूरही तसेच जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या पायात मोजा दिसत नाही. मोजा बुटामागून आला, बूट वर्दीमागून आला. उघड्या पायाला वारा लागतो, घाम वाळतो आणि पाय कुजत नाही.

परिचारिका : काका, घाम वाळतो हे खरे, पण वाळणे हाच त्या पायाचा एक आजारही आहे. टाचेची जाड कातडी कोरड्या वाऱ्याने आणि तापलेल्या मातीने तडकते, भेगा पडतात, भेगेतून माती आत जाते आणि पाऊस आल्यावर तीच भेग पिकते. अनवाणी पायातून अंकुशकृमीची अळी शिरते, ती शेवटी आतड्यात जाऊन रक्त पिते, आणि मग रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देत राहावे लागते. तिच्या पायात काय होते हे कुणी पाहत नाही.

वनपाल : त्याला चप्पल पुरते. मोजा कशाला?

परिचारिका : चपलेने तळवा वाचतो, घोटा आणि पावलाचा वरचा भाग वाचत नाही.

वनपालाचा युक्तिवाद शरीरशास्त्राच्या एका खऱ्या आधारावर उभा आहे, त्यामुळे तो आधी नीट समजून घेणे योग्य ठरेल. माणसाच्या शरीरावर घर्मग्रंथी सर्वांत दाट कोठे असतील तर त्या तळहातावर आणि तळपायावर. घाम शरीराला थंड करतो तो निव्वळ बाहेर पडून नव्हे, तर वाळून; एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरापासून हिरावून नेतो, आणि जो घाम न वाळता कापडात मुरतो किंवा बुटात साचतो तो ओझे वाढवतो, गारवा देत नाही. त्यामुळे कोरड्या उन्हात उघडे पाऊल बंद पावलापेक्षा थंड राहते, ही वनपालाची गोष्ट निर्विवाद आहे. तथापि तो ज्या सावलीच्या जंगलात फिरला तेथील पायवाट आणि आलापल्लीकडून येणारा डांबरी रस्ता यांत फरक आहे. भर उन्हातल्या डांबराचे तापमान हवेच्या तापमानाहून कितीतरी अधिक, ६० अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि अशा पृष्ठभागावर उघडी कातडी काही क्षणांत भाजू शकते. ज्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे ते पाय उचलतात. मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंना इजा होऊन संवेदना गेलेली असेल तर भाजल्याचे कळते ते फोड दिसल्यावर.

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर या नदीस्नानाच्या पर्वाच्या बारा दिवसांत सिरोंच्याच्या घाटावर भाविकांची मोठी गर्दी लोटली होती, आणि मे २०२५ मध्ये पलीकडच्या काठावर कालेश्वरम येथे सरस्वती पुष्कर भरला तोही ऐन उन्हाळ्यात. स्नान, दर्शन आणि प्रदक्षिणा यांत पादत्राणे काढावीच लागतात. अशा प्रसंगी मधुमेही माणसासाठी, मंदिराची रीत आडवी येत नसेल तेथे, जाड तळव्याचा सुती मोजा हे थोडे का होईना संरक्षण आहे, आणि तो फिक्या रंगाचा असावा, कारण जखम झाली तर रक्ताचा किंवा पुवाचा डाग त्यावर लगेच दिसतो. काळा मोजा मळत नाही म्हणून घेतला जातो, पण ज्या पायाला वेदना कळत नाही त्या पायासाठी मळणे दिसणे हाच मोज्याचा गुण आहे.

वनपाल : पण सिस्टर, आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर स्कूटीवर जाणाऱ्या मुली पाहा. तोंडाला स्कार्फ, हाताला लांब हातमोजे आणि पायात अंगठा वेगळा असलेले ते कातडीच्या रंगाचे पातळ मोजे, वरून चप्पल. एवढे सगळे काळवंडू नये म्हणून. ते आरोग्यासाठी आहे असे म्हणणे कठीण जाते.

परिचारिका : कारण काहीही असो, काका, काम ते बरोबर करतात. गाडीवर पाय एका जागी ठरलेला असतो, ऊन तासभर त्याच जागी पडते. घट्ट विणीचे कापड ते ऊन अडवते, चपलेमुळे तळव्याला वारा लागतो आणि अंगठा मोकळा असल्यामुळे चप्पल निसटत नाही. कोरड्या उन्हाळ्यासाठी यापेक्षा सोयीचा मोजा इथल्या बाजारात मिळत नाही. तक्रार एकच आहे : बहुतेक ठिकाणी तो पूर्ण नायलॉनचा असतो आणि वरची लवचीक पट्टी पिंढरीवर वळ उमटवते. सुताचे प्रमाण जास्त असलेला आणि संध्याकाळी काढल्यावर खोल खूण न ठेवणारा घ्यावा.

चपलेत घालायचा, अंगठा वेगळा असलेला मोजा ही स्कूटीच्या काळातली कल्पना नव्हे. इजिप्तच्या वाळवंटी भागात इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान विणलेले लाल रंगाचे लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांचा पुढचा भाग चपलेच्या पट्ट्यासाठी दोन भागांत विभागलेला आहे. दोन गोष्टी त्यातून शिकण्यासारख्या आहेत : उष्ण आणि कोरड्या प्रदेशातील लोकांनी मोजा आणि चप्पल यांचा मेळ फार पूर्वी घातला होता, आणि त्यासाठी त्यांनी लोकर वापरली होती. दुसऱ्या गोष्टीवरून संवाद धाग्याच्या प्रश्नाकडे वळतो, आणि दोघांच्या मतभेदाचे मूळ या प्रश्नातच आहे.

वनपाल : धाग्याबाबत वाद नको. गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, सूत अंगाला मानवते, धुवायला सोपे, उकळता येते. उन्हाळ्यात नायलॉन-पॉलिस्टर पायात घालणे म्हणजे प्लास्टिकची पिशवी बांधण्यासारखे वाटते. आणि लोकर तर बोलायचीच नको. कुरमार विणतात ती घोंगडी पाठीवर थंडीत बरी, पायात खाजेल.

परिचारिका : घोंगडीची लोकर खाजते हे बरोबर, कारण तिचा तंतू जाड असतो. मेरिनो मेंढीची लोकर फार बारीक असते, ती टोचत नाही. पण लोकर बाजूला ठेवू, ती इथे सहज मिळत नाही आणि महागही आहे. सुताबद्दल मात्र एक प्रश्न आहे, काका. पावसाळ्यात सकाळी घातलेला सुती मोजा दुपारी कसा लागतो?

वनपाल : ओला.

परिचारिका : आणि रात्री दोरीवर टाकल्यावर दुसऱ्या सकाळी?

वनपाल : तोही ओला. पण त्यात सुताचा काय दोष? दिवसच तसे.

दोष सुताच्या रचनेत आहे, आणि तो गुणाचीच दुसरी बाजू आहे. कोणताही तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या तुलनेत हवेतील किती ओलावा धरून ठेवतो, या प्रमाणाला आर्द्रताधारण म्हणतात आणि ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत मोजले जाते. पॉलिस्टरसाठी ते अवघे ०.४ टक्के आहे, नायलॉनसाठी ४ टक्क्यांच्या आसपास, कापसासाठी सुमारे ८ टक्के, आणि लोकरीसाठी १६ टक्के किंवा त्याहून अधिक. कापसाचा तंतू ओलावा केवळ पृष्ठभागावर घेत नाही, तर पाणी त्याच्या भिंतीत शिरते, तंतू फुगतो आणि पाणी सहजासहजी सोडत नाही; म्हणून मे महिन्यात तो घाम टिपतो आणि कोरडी हवा तो वाळवून टाकते, पण जुलैमध्ये टिपलेला घाम त्याच्यातच अडकतो. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी तंतूंच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांतून केशाकर्षणाने, म्हणजे दिव्यातील वात ज्या नियमाने तेल वर ओढते त्याच नियमाने, मोज्याच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकते. लोकरीचे वागणे दोघांहून वेगळे आहे : वाफेच्या रूपातील ओलावा ती तंतूच्या गाभ्यात घेते आणि बाहेरचा थर तुलनेने कोरडा लागतो, म्हणून बारीक लोकरीचा पातळ मोजा उष्ण प्रदेशातील पदयात्रींनाही चालतो.

ओल्या मोज्याचे नुकसान केवळ अस्वस्थतेपुरते नसते. किंचित ओलसर कातडीवर कापडाचे घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त होते. चालताना पाऊल बुटात पुढे-मागे सरकते, कातडीचा वरचा थर कापडाला चिकटून राहतो आणि आतील हाड पुढे जाते, या ताणाने कातडीच्या थरांमध्ये फट पडून तीत पाणी साचते, आणि त्यालाच फोड म्हणतात. म्हणून मोज्याची टाच पायाच्या टाचेवर नेमकी बसणे, बोटांवरची शिवण सपाट असणे आणि तळव्याखाली चुणी न पडणे या गोष्टी धाग्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मोठ्या मापाचा मोजा ढिला म्हणून थंड राहील या समजुतीने घेतला जातो, आणि तोच चुणी पडून सर्वाधिक फोड आणतो.

वनपाल : मग बाजारात बांबूचे मोजे म्हणून जे मिळतात ते कसे? बांबू तर या जंगलाचाच. बल्लारपूरच्या कागद गिरणीला वर्षानुवर्षे इथूनच गेला, आता गावोगावच्या ग्रामसभा स्वतः विकतात. तो थंड राहतो, वास येत नाही, असे वेष्टनावर लिहिलेले असते.

परिचारिका : हाताला फार मऊ लागतात, एवढे खरे.

बांबूच्या मोज्याविषयी थोडे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण या जिल्ह्याचा वाचक त्या नावाने सहज आकर्षित होईल. बाजारात या नावाने मिळणारे बहुतेक मोजे म्हणजे व्हिस्कोस. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड या रसायनांत विरघळवून त्यापासून पुन्हा धागा ओढला जातो, आणि त्या धाग्यात मूळ बांबूचा जंतुरोधक गुण उरत नाही. याच कारणावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा कापडाला निव्वळ बांबू म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. व्हिस्कोस सुताहूनही अधिक पाणी धरते, ओले झाल्यावर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास घटते आणि वाळायला वेळ लागतो. कोरड्या उन्हात घरी किंवा कार्यालयात घालायला तो सुखद आहे. सिरोंच्याच्या पावसाळ्यात दिवसभर चालणाऱ्यासाठी तो सुताहूनही गैरसोयीचा आहे. जंगलातील बांबूला न्याय मिळावा ही इच्छा रास्त असली, तरी तो न्याय अशा मोज्यातून मिळत नाही.

धाग्याचा हा हिशेब मांडताना परिचारिकेच्या बाजूचीही एक उणीव दाखवली पाहिजे. कृत्रिम धागा ओलावा बाहेर सरकवतो हे खरे, पण बाहेर म्हणजे कोठे? जाळीदार कापडी बुटात तो ओलावा बुटाबाहेर निघू शकतो. पीव्हीसीच्या बुटात किंवा गमबुटात त्याला वाट नसते, आणि मग कोणताही धागा असला तरी तासाभरात पाय स्वतःच्या घामात उभा राहतो. मोज्याची निवड बुटापासून तोडून करता येत नाही. शिवाय कृत्रिम धाग्याला घामाचा वास लवकर चिकटतो आणि तो धुऊनही पुरता जात नाही, त्यामुळे वनपालाची कृत्रिम धाग्याविषयीची तक्रार निराधार नाही. म्हणून या भागातील बाजारात मिळणाऱ्या मालापैकी दिवसभर बूट घालणाऱ्यासाठी मधला मार्ग मिश्र धाग्याचा आहे : उन्हाळ्यात सुताचे प्रमाण तीनचतुर्थांश किंवा अधिक, पावसाळ्यात पॉलिस्टर किंवा नायलॉनचे प्रमाण सुताहून जास्त, आणि दोन्हींत आकार टिकवण्यापुरता थोडासा ताणणारा धागा. वेष्टनावरची टक्केवारी वाचण्याचे कष्ट घेतले तर एवढे कळते. टक्केवारीच छापलेली नसेल तर तो मोजा घेऊ नये.

वनपाल : जंगलातली एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही, सिस्टर. पाऊस संपला की कुसळी गवत वाळते. सैल विणीच्या मोज्यात कुसळ अशी घुसते की ती काढताना मोजा फाटतो, नाही काढली तर ती आत सरकत कातडीपर्यंत जाते. मऊ, जाड, टॉवेलसारख्या विणीचा मोजा दुकानात हाताला छान लागतो, पण गवतातून एकदा चालले की त्याचे काम संपले.

परिचारिका : यावर उपाय?

वनपाल : बारीक, घट्ट विणीचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा मोजा, आणि बुटाच्या तोंडावर पॅंटची टोके मोज्यात खोचून वर पट्टी गुंडाळायची. पूर्वी वर्दीत पायपट्ट्या होत्या त्या याचसाठी. गोचिडीही त्यामुळे वर चढत नाहीत.

परिचारिका : मग काका, तुमच्याच अनुभवाने मोजा हवा, आणि लांब हवा, हे सिद्ध झाले. घोट्याखाली संपणारे आखूड मोजे शहरात सुटसुटीत दिसतात. बुटाची कड घोट्याच्या कातडीला घासते आणि संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर डास तिथेच चावतात. हिवतापाच्या जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. अर्थात पातळ ताणलेल्या विणीतूनही डासाची सोंड आत जाते, त्यामुळे मोजा म्हणजे मच्छरदाणी नव्हे.

येथे वनपालाची मूळ भूमिका, म्हणजे मोजा अनावश्यक आहे ही, त्याच्याच अनुभवाने ढासळते. परंतु तिच्या मागचा जो आग्रह, म्हणजे पायाला हवा मिळाली पाहिजे हा, तो पावसाळ्याच्या चर्चेत अधिक बळ धरून परत येतो, आणि तेथे परिचारिकेला त्याच्याशी सहमत व्हावे लागते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात तासन्तास उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी भिजून पांढरी पडते, सोलते, खाजते आणि आग होते. याला चिखल्या म्हणतात. भिजून सैल झालेल्या या कातडीवर पुढे बुरशीची वाढ होते, आणि हीच बुरशी शहरातील बूट घालणाऱ्यांच्या पायात चिखलाशिवाय, नुसत्या घामाने वाढते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्हे आहेत, आणि म्हणून या साध्या वाटणाऱ्या बेचक्यातील फटीला येथे वेगळे महत्त्व आहे. हत्तीरोगात डासांमार्फत शरीरात आलेल्या कृमींमुळे लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधला पाझरलेला द्रव रक्तात परत नेणाऱ्या नलिका, निकामी होतात आणि पाय सुजतो. अशा सुजलेल्या पायाच्या बेचक्यातील फटीतून जिवाणू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि अशा प्रत्येक दौऱ्यानंतर सूज आणखी कायमची होत जाते. म्हणूनच हत्तीरोगाच्या रुग्णाला शिकवला जाणारा पहिला धडा औषधाचा नसून पाय रोज साबणाने धुऊन बेचकी कोरडी करण्याचा असतो.

वनपाल : म्हणजे चिखल्या झालेल्या पायात मोजा घालायचा नाही, हे मान्य?

परिचारिका : मान्य. घरी असताना पाय उघडा, धुतलेला, पुसलेला आणि वाऱ्याला ठेवायचा. बाहेर बूट घालणे भागच असेल तर प्रत्येक बोट वेगळे झाकणारे मोजे चांगले, कारण बोटाला बोट चिकटत नाही. आणि दुपारी मोजा बदलायचा. इथे धागा कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. दुसरा कोरडा मोजा जवळ आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

लष्करांनी हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या ओल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय निकामी झाले, तेव्हा ब्रिटिश सैन्याने पाय तपासणे आणि मोजे बदलणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरवली. तेथील पाणी थंड होते. व्हिएतनाममधील भातशेतीच्या कोमट पाण्यात अमेरिकी सैनिकांच्या पायांनाही असाच अनुभव आला, आणि पाय ठरावीक काळानंतर कोरडे करण्यासाठी सैनिकांना पाण्याबाहेर काढावे लागते हे तेथे स्पष्ट झाले. हिवताप आणि नक्षलवाद या दोहोंमुळे गडचिरोलीच्या जंगलात पोलीस, वनरक्षक, आरोग्यसेवक आणि आशा यांना पावसाळ्यात मैलोन्‌मैल चालावे लागते. ज्या नियमाने त्यांच्यापैकी कुणाला बूट सक्तीचे होतात, त्याच नियमात बदलण्याचे मोजे किती हे लिहिलेले असले पाहिजे, कारण एका जोडीवर वर्दी पूर्ण होते पण पाय सुरक्षित होत नाही.

मोजा धुण्याबाबतही नेमकेपणा हवा. बुरशीचे बीजाणू थंड पाण्यात टिकतात आणि ६० अंशांच्या पाण्यात मरतात, म्हणून चिखल्या झालेल्या माणसाचे मोजे उलटे करून कढत पाण्यात भिजवावेत आणि शक्य तेव्हा उन्हात वाळवावेत. सुती मोज्याला हे सहज सोसते, आणि येथे वनपालाचा सुताविषयीचा जिव्हाळा पुन्हा योग्य ठरतो. एकाच घरातील भावंडांनी एकमेकांचे मोजे घालणे मात्र बंद झाले पाहिजे.

वनपाल : भावंडांचा विषय निघाला म्हणून विचारायचे. शासनाने शाळेतल्या मुलांना बूट आणि मोजे दिले. या मुलांचे पाय बुटात कोंडून काय साधले?

वनपालाचा रोख ज्या निर्णयाकडे आहे तो जुलै २०२३ चा. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले आणि त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये मंजूर केले. अनवाणी शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायात बूट येणे ही मोलाची गोष्ट आहे, आणि तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या रकमेत चामडे किंवा चांगले हवेशीर कापड बसत नाही, हे उघड आहे. त्यात विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. म्हणजे मुलांच्या पायात नवे बूट आणि नवे मोजे येतात ते नेमके पावसासोबत. दोन जोड्या म्हणजे एक पायात आणि एक दोरीवर, हा हिशेब पुण्यातील उन्हाळ्यात जुळतो. सिरोंच्यात जुलैच्या झडीत दोरीवरची जोडी दुसऱ्या सकाळी वाळलेली नसते, आणि मूल ती तशीच घालते.

परिचारिका : बूट द्यायला नको होते असे म्हणता येणार नाही, काका. पण पावसाळ्यात शाळेने मुलांना वर्गाबाहेर बूट-मोजे काढून पाय पुसून बसू द्यावे. आणि तिसरी जोडी हवीच.

वनपाल : तिसरी जोडी नाही, पावसाळ्यात सँडल हवी. समोरून उघडी, पट्ट्याची, मोज्याशिवाय. पाणी शिरले तरी निघून जाते.

परिचारिका : शाळेच्या वाटेवर काटा, विंचू, साप काय नाही? उघडी सँडल घालून मूल नाल्यातून येईल.

वनपाल : मोज्याने साप अडत नाही, सिस्टर. आणि नाल्यातून आल्यावर बुटातले पाणी दिवसभर पायातच राहते.

या शेवटच्या मुद्द्यावर वनपालाचे म्हणणे अधिक सबळ आहे. जेथे पाय वारंवार पाण्यात जाणार तेथे पाणी बाहेर सोडणारे पादत्राण पाणी अडवू पाहणाऱ्या पादत्राणापेक्षा सुरक्षित, हा व्हिएतनामच्या भातशेतीतला अनुभवही त्याच्या बाजूने आहे. तेथील सैनिकी बुटांना पाणी निघून जाण्यासाठी तळाजवळ छिद्रे ठेवलेली होती. तालुक्यातील ज्या गावांत शाळेची वाट ओढ्यातून जाते तेथे पावसाळ्यापुरती सँडलची मुभा आणि जेथे वाट कोरडी आहे तेथे तिसरी जोडी, असे दोन निर्णय एकाच तालुक्यात होऊ शकतात, आणि ते वरून येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रांसाठी असलेल्या पेसा कायद्याखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के वाटा थेट मिळतो, आरोग्य आणि शिक्षण हे त्याच्या खर्चाचे मान्य विषय आहेत, आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांच्या हाती उन्हाळ्याच्या शेवटी स्वतःचे पैसेही असतात.

परिचारिका : ठराव तेंदूचा हिशेब होतो त्याच ग्रामसभेत मांडला तर शाळा सुरू होण्याआधी माल येईल. शंभरावर मुले असली तरी मोज्यांची रक्कम मोठी होत नाही. मिश्र धाग्याचे, घोट्याच्या वर येणारे, सपाट शिवणीचे, आणि मापे तीन तरी.

वनपाल : मापे मुलांचे पाय मोजून घ्यावीत, इयत्ता पाहून नव्हे. आणि ठरावात सँडलची ओळ वेगळी लिहावी. मोज्याच्या ओळीत ती घातली तर दुकानदार मोजेच देईल.